पुठ्ठ्यावरचे पाच डाग

१

सकाळी उठल्यावर लोक आधी कॉफी ठेवतात. त्या वर्षी एप्रिलभर मी आधी बूट चढवून शेडमध्ये जायची आणि ट्रॅक्टरखालचा पुठ्ठा ओढून उजेडात न्यायची. जुना ट्रॅक्टर घेतला की हे आलंच. संध्याकाळी खोक्याचा मोठा पुठ्ठा खाली सरकवायचा आणि सकाळी काय गळलंय ते वाचायचं. काळा डाग म्हणजे इंजिनचं ऑइल. हिरवट असेल तर रेडिएटरचं पाणी. रंग नाही पण वास थेट नाकात शिरतो ते डिझेल. आणि मधासारखं पिवळसर, बोटाला बुळबुळीत लागतं ते हायड्रॉलिकचं, म्हणजे मागची अवजारं दाबाने उचलणारं तेल. डाग कुठे पडलाय त्यावरून वरचं कुठलं पॅकिंग गेलंय तेही कळतं. हे सगळं मला बाबांनी शिकवलं. माझ्या भावाला नाही शिकवलं, कारण तो कधी शेडमध्ये थांबलाच नाही.

ट्रॅक्टर पामर ओस्बीचा होता. पामर आमच्या पलीकडच्या शेतावर एकटा राहायचा, शाळेत माझ्या दोन वर्ग पुढे होता. तो गेल्यावर त्याच्या अंगणात लिलाव झाला. नांगर गेले, धान्याच्या कोठ्या गेल्या, मोडक्या खुर्च्यासुद्धा गेल्या. ट्रॅक्टरची पाळी आली तेव्हा सगळे आपापल्या बुटांकडे बघत उभे राहिले. शेजारच्या माणसाला मी विचारलं, काय झालंय त्याला? तो म्हणाला, "वेगळाच आहे जरा तो."

आमच्या नॉर्थ डकोटात कुणी कशाला वाईट म्हणत नाही. शेजारणीने केकमध्ये साखरेऐवजी मीठ घातलं तरी 'वेगळीच चव आहे' म्हणतील आणि दुसरा तुकडा घेतील. त्या गुळमुळीत शब्दाची मला लहानपणापासून चीड आहे. मी हात वर केला आणि ट्रॅक्टर घेऊन टाकला.

मला तो हवाही होता. बाबा वारल्यावर जमीन माझ्या आणि डेलमारच्या नावावर झाली. डेलमार माझा धाकटा भाऊ, शहरात राहतो, बायकोच्या माहेरच्या दुकानात बसतो. बाबांच्या हाताखाली तीस वर्षं मी राबले, त्यांना शेवटी भरवलंही मी. तरी त्याचं म्हणणं की साठीला आलेल्या बाईने एकटीने शेती करू नये, उत्तरेकडचा मोठा तुकडा पलीकडच्या बड्या शेतकऱ्याला कसायला द्यावा. बरीच वादावादी झाली तेव्हा तो म्हणाला की मे संपायच्या आत तो तुकडा तू एकटीने पेरून दाखव, मी पुन्हा विषय काढणार नाही. मी म्हटलं, लिहून ठेव. एकदा ती जमीन दुसऱ्याच्या नांगराखाली गेली की मला परत मिळणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आणि ट्रॅक्टर आणल्यावर तिसऱ्या-चौथ्या सकाळी पुठ्ठ्यावर ते पाच डाग दिसले. मधाच्या रंगाचे, बोटाच्या पेराएवढे. चार ओळीने, किंचित कमानीत, आणि पाचवा जरा बाजूला. वर पाहिलं तर तिथे नुसतं ओतीव लोखंड होतं. ना नळी, ना सांधा, गळायला काहीच नाही.

२

मी काही लगेच घाबरणारी बाई नाही. तेल कडेकडेने वाहत येतं आणि भलतीकडेच टपकतं, हे कुणीही सांगेल. वाऱ्यानेही थेंब हलतो. मी कारण ठरवून टाकलं आणि कामाला लागले.

इंजिनच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. काळा डाग थांबला. रेडिएटरची खालची नळी कापून नवी घातली, हिरवा थांबला. पण दर वेळी ते पाच डाग सरकायचे. आज पुढच्या चाकाजवळ, उद्या पोटाखाली, परवा मागे. आणि जिथे सरकले तिथे वर नीट पुसून पाहिलं की नवीन गळती सापडायची. डिझेलच्या गाळणीची वाटी तडकलेली होती, ती तशीच सापडली. मागच्या आसाचं सील तसंच सापडलं. मला शोधावं लागत नव्हतं. माझ्या आधी कुणीतरी खाली चाचपून ठेवत होतं.

हायड्रॉलिकची पातळी मी रोज टाकीतली मोजायची कांडी काढून बघायची. एवढं पिवळं तेल पुठ्ठ्यावर येत होतं, पण कांडीवरची रेघ जरा म्हणून खाली येत नव्हती. मग हे तेल येतंय कुठून, असा प्रश्न मनात आला. मी तो मनातच ठेवला, कारण विचारायला शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं आणि असतं तर मला ते नको होतं.

एका सकाळी मी हातमोजा काढून त्या डागाला बोट लावलं. बाहेर गवतावर दव गोठलेलं होतं, शेडमधलं लोखंड हाताला डसत होतं. डाग कोमट होता. ऊन आलं असेल म्हणून मी दाराकडे पाहिलं. ऊन यायला अजून वेळ होता. मग पुठ्ठा तिरका धरला तेव्हा दिसलं की डागांखाली पुठ्ठा दबलाय. थेंबाने पुठ्ठा दबत नाही. उताणं झोपलेला माणूस उठताना बोटं टेकून जोर देतो, तसा तो दबला होता.

माझ्या मानेवर काटा आला, हे कबूल करते. पण त्याहून मोठी तिडीक गेली डोक्यात. माझी शेड, माझा ट्रॅक्टर, आणि मी आपली पाहुण्यासारखी दबून उभी. नवीन पुठ्ठा फाडला, खाली सरकवला आणि मोठ्याने म्हटलं, "दाखवायचंच असेल तर नीट दाखव. माझ्याकडे दिवस कमी आहेत."

दुसऱ्या दिवशी सगळा पुठ्ठा कोरडा होता. फक्त अगदी मागच्या बाजूला, जिथे पंपाकडून येणारी दाबाची लोखंडी नळी जाते, तिथे ते पाच डाग होते. एवढे खोल दबलेले की पुठ्ठा फाटायचा राहिला होता. मी ती नळी पुसली, दिव्याखाली पाहिली, आरसा घालून वरून पाहिली. नळीला काहीच झालेलं नव्हतं.

३

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी असते. तिथे मी इनेझबाईंना गाठलं. त्या पामरच्या सगळ्यात जवळच्या शेजारीण, वय झालेलं, पण लिंबाच्या वड्या अजून स्वतःच करून आणतात. मी सरळ विचारलं, पामर कशाने गेला? त्यांनी वड्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं. मी ताट परत त्यांच्याकडे सरकवलं.

मग त्या बोलल्या, टेबलाकडे बघत. पामरच्या ट्रॅक्टरचं मागचं अवजार उचललं जाईना. दाबाच्या नळीला कुठेतरी सुईच्या टोकाएवढं भोक असणार, दिसत नव्हतं. तो खाली शिरला आणि हाताने चाचपायला लागला. ती धार डोळ्याला दिसत नाही, पण चामड्याचा मोजासुद्धा भेदते. म्हणूनच तिथे पुठ्ठा फिरवायचा असतो, पुठ्ठा चिरला की भोक सापडलं. पामरला हे माहीत नव्हतं असं नाही. पुठ्ठा आणायला उठायचा कंटाळा केला असेल. तेल तळहातात गेलं. वर नुसता एक ठिपका, मधमाशी चावल्यासारखा. दुखतही नव्हतं म्हणे.

"तुम्हाला कसं माहीत दुखत नव्हतं ते?"

"त्या रविवारी आला होता ना इथे. डाव्या हातात कप धरून बसला होता."

"आणि उजवा?"

"उजवा मांडीवर होता. सुजलेला. राखेसारखा झाला होता."

"सगळ्यांनी पाहिला?"

"पाहिला की. पण त्याने स्वतःहून विषय काढला नाही. मग आपण कसं बोलणार? मी विचारलं त्याला, अजून एक वडी घेणार का. तो म्हणाला, नको, उगाच कशाला त्रास."

पुढच्या रविवारी त्याची खुर्ची रिकामी होती. एवढंच सांगून इनेझबाईंनी रुमाल काढला. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण संताप आला. ते भरलेलं तळघर मी डोळ्यांपुढे आणून पाहिलं. पाऊणशे माणसं, सगळी भली, सगळ्यांच्या हातात कॉफी, आणि एकाच्याही तोंडून 'ऊठ, गाडीत बस' एवढं निघालं नाही. मी त्या रविवारी तापाने घरी होते. असते तर मी बोलले असते का? बोलले असते, असं मला अजूनही वाटतं.

४

मे महिना पावसात गेला. जमीन वापशावर यायची आणि पुन्हा चिखल व्हायचा. शेवटी शेवटी चार कोरडे दिवस मिळाले तेव्हा मी पेरणीयंत्र जोडलं आणि उत्तरेकडच्या तुकड्यात शिरले. ट्रॅक्टर गुणी निघाला. गव्हाच्या ओळी सरळ पडत होत्या आणि मी सीटवर बसून बाबांसारखी बेसूर शीळ घालत होते.

निम्म्याहून जास्त पेरून झालं आणि वळणावर पेरणीयंत्र उचललं जाईना. मागे तेलाचं बारीक धुकं दिसलं. मी खाली उतरून बघते तर डेलमारची पिकअप बांधाशी येऊन थांबली. तो खास बघायला आला होता. पश्चिमेला आभाळ काळंनिळं झालं होतं, आणि महिन्याचा शेवट तर दारातच होता.

हसेल असं वाटलं होतं, पण हसला नाही. शर्टाच्या बाह्या सारल्या आणि म्हणाला, "वर चढ, इंजिन चालू ठेव. दाब असल्याशिवाय भोक सापडायचं नाही. मी बघतो."

मी त्याला पुठ्ठा दिला. नुसत्या हाताने चाचपू नकोस म्हणून दोनदा बजावलं. त्याने तो पुठ्ठा जमिनीवर टाकला, पाठीला ओल लागू नये म्हणून, आणि त्यावर उताणा पडून खाली सरकला. म्हणाला, "अगं, ढग बघ आधी."

सीट आणि चाकावरच्या पत्र्याच्या मधे हातभर फट आहे. त्यातून मला खालची नळी दिसत होती. मी वाकले ते ओरडायलाच. डेलमारचा उजवा हात नळीकडे येत होता, चाचपडत, जरा चुकत. आणि त्याच्या मनगटावर दुसरा हात होता. करड्या रंगाचा, तेलाने चकाकणारा, बाहीचं बटण नीट लावलेला. मुलाला पहिल्यांदा अक्षर गिरवायला शिकवताना आपण त्याचा हात धरतो, तितक्या मायेने तो हात डेलमारचा हात थेट गळतीच्या जागी नेत होता.

मी इंजिन बंद करायची खिट्टी ओढली. आवाज थांबला. कानात नुसता शेतातला वारा वाजत राहिला.

डेलमार बाहेर सरकला आणि उठून बसला. तर्जनीच्या मुळाशी बघत होता. तिथे एक ठिपका होता. मग त्याने मनगट चोळलं. "तुझा हात केवढा कोमट आहे गं या थंडीत," तो म्हणाला.

"मी वर होते, डेल."

त्याने ट्रॅक्टरच्या पोटाखाली पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. मग अगदी आमच्या पद्धतीने विषय बदलला. पाऊस कधी येईल यावर बोलायला लागला.

५

मी म्हटलं, दवाखान्यात चल. तो म्हणाला, दुखत नाहीये. मी म्हटलं, न दुखणं हीच तर त्यातली वाईट गोष्ट आहे. तो म्हणाला, नळीला माझ्या गाडीतली जोडनळी बसेल, तासाभरात होईल, तू पेरून टाक. "संध्याकाळपर्यंत उरकशील. मग माझ्याकडे बोलायला काही राहणार नाही. तुझं शेत, तू बघ."

तो हे मनापासून म्हणत होता. आणि मी त्या क्षणी काय केलं ते लपवत नाही. मी उरलेल्या काळ्या जमिनीकडे पाहिलं. मला ती फार हवी होती. एक संध्याकाळ, बस. हात काय, उद्या दाखवता आला असता. त्याचं तर काही म्हणणंच नव्हतं.

मग मी त्याची कॉलर धरली, लहानपणी धरायची तशी, आणि त्याला पिकअपमध्ये कोंबलं. किल्ली माझ्याकडे घेतली. पुढची सीट सलग आहे, बाकासारखी. मी चालवत होते, तो दाराशी बसला होता. दाराला एवढा खेटून का बसलाय ते मी विचारलं नाही. आमच्या दोघांच्या मधे एक माणूस बसेल एवढी जागा होती, आणि तिथलं गादीचं रेक्झिन खाली गेलेलं होतं.

डांबरी रस्ता लागला तेव्हा काचेवर पहिले थेंब आले. शेत गेलं, असं मनात स्पष्ट म्हणून घेतलं. गेलं तर गेलं. डेलमार हळूच म्हणाला, "परत फिर. एवढं काही झालेलं नाही."

"गप्प बैस."

"लोकांची कामं असतात तिथे. उगाच कशाला त्रास."

हे ऐकून मी त्याच्याकडे पाहिलं. डेलमारचे ओठ घट्ट मिटलेले होते. पांढराफटक पडून तो समोरच्या काचेकडे बघत होता. आवाज मऊ होता, अजिजीचा, जरा म्हाताऱ्याचा. तो मधल्या जागेवरून आला होता. गाडीत हायड्रॉलिक तेलाचा वास भरला.

"उगाच कशाला," आवाज पुन्हा म्हणाला. "दुखत तर नाही."

गाडी बाजूला घेऊन पळून जावं असं वाटलं. पण त्या आवाजातली ती शहाणपणाची, कुणाला अडचण नको अशी सवय मी जन्मभर ऐकत आले होते. बाबाही असेच छातीत दुखताना गाई बघायला गेले होते आणि मग अंथरुणालाच खिळले. मला एकदम भीतीच उरली नाही, नुसता राग उरला. रस्त्यावरची नजर न काढता मी म्हटलं, "त्रास देणार. दोघांचा देणार. पामर, तूही गप्प बस, आणि तो हात वर धर, नीट, सीटच्या पाठीला टेकव. डेल, तूही."

डेलमारने हात वर धरला. माझ्या खांद्यामागे सीटच्या पाठीवर अजून काहीतरी टेकल्याचा दाब मला जाणवला. मी गाडीचा वेग वाढवला.

६

डेलमारचा हात वाचला. एक बोट तेवढं ताठ राहिलं. उत्तरेकडचा तुकडा त्या साली तसाच अर्धा पडून राहिला, त्यात नुसतं तण माजलं. करार मी हरले होते, आणि पुढच्या वसंतात तो तुकडा दुसऱ्याच्या नांगराखाली जाणार हे मी धरून चालले होते. डेलमारने अजून तो विषय काढलेला नाही. त्या मनगटाचाही काढलेला नाही. पण मला सांगायचंय ते दवाखान्यातलं.

आत शिरलो तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता. टेबलापलीकडे एक तरुण परिचारिका होती, हसतमुख. तिने आम्हाला बसायला सांगितलं, नंबर आला की बोलावते म्हणाली. डेलमार बिचारा लगेच बसायला वळला. मी त्याला दंडाला धरून उभा ठेवला आणि टेबलावर दोन्ही तळवे आपटले. तिथली सगळी माणसं मान खाली घालून मासिकं चाळायला लागली, मी काहीतरी घाणेरडं बोलल्यासारखी.

"याच्या हातात दाबाचं तेल गेलंय," मी म्हटलं. "आत्ता डॉक्टरला बोलवा आणि हात चिरायला सांगा. हा तुम्हाला सांगेल की दुखत नाही. त्याचं ऐकायचं नाही. मी इथून हलणार नाही आणि आवाजही कमी करणार नाही."

तिचं हसू गेलं. तिने डेलमारचं बोट पाहिलं आणि फोन उचलला. आतून दोघं चाकाची खुर्ची घेऊन धावत आले. मी टेबलाला धरून उभी राहिले.

परिचारिकेने फोन ठेवला. ती माझ्या मागे, दाराजवळ बघत होती. तिचा चेहरा भ्यायलेला नव्हता. कामात मुरलेली माणसं जखम बघून जशी एकदम शांत होतात, तशी ती शांत झाली होती.

"बाई," ती हळू आवाजात म्हणाली, "ते तुमच्याबरोबर आलेत ना? ते सांगतायत की ते ठीक आहेत, थांबतील म्हणून. पण त्यांचा हात फार वाईट दिसतोय."

मागून कोमट तेलाचा वास येत होता. मी वळून पाहिलं नाही.

"ठीक नाहीये तो," मी म्हटलं. "त्यालाही आत घ्या. फार दिवस थांबलाय."